आबांच्या दारावर जाऊ की नको?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आहेत, पुण्यात नोकरी करतात. माहेर अमळनेर तालुक्यातलं. वडील (नाना) आणि त्यांचे थोरले भाऊ (आबा) यांच्यात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, पुढे बांधाची मोजणी आली, आणि तेव्हापासून १४ वर्षं दोन्ही घरांत बोलणं बंद. ५ वर्षांपूर्वी नाना गेले. आबा तेव्हा आले, ओट्यावर बसले आणि घरात पाऊल न टाकता, पाणीही न घेता उठून गेले. हा अपमान घरात कुणी विसरलेलं नाही. गेल्या आठवड्यात आबा गेले. फुईचा (आत्याचा) फोन आला तेव्हा ताई ऑफिसात होत्या, मातीला पोहोचणं शक्य नव्हतं. चुलतभावाने भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दशक्रिया आणि गंधमुक्तीची (दुखवटा संपवायच्या विधीची) पत्रिका टाकली, वेगळा फोन केला नाही. सुरतला राहणारा सख्खा भाऊ ‘मी जाणार नाही’ म्हणतो. त्याच्याकडे राहणारी आई म्हणते, ‘तू गेलीस तर नानांच्या आत्म्याला काय वाटेल?’ ताई विचारतात, “मला आबांसाठी रडू येत नाही. तरी तिथे जाणं हे ढोंग नाही का? गेले तर सगळे म्हणतील, जिवंतपणी फिरकली नाही, आता वाटा मागायला आली. पण लहानपणी शाळा सुटली की मी मोठ्या मायच्याच (आबांच्या बायकोच्या) हातचं जेवायचे. ती आता कशी बसली असेल, हे डोक्यातून जात नाही. काय करू?”

(दिवस मोजकेच उरले होते म्हणून ताईंना उत्तर आधीच कळवलं. इथे ते थोडं विस्ताराने देत आहे.)

ताई,

तुमच्या पत्रात विहीर आहे, बांध आहे, नाना आहेत, आबा आहेत, ग्रुपवरची पत्रिका आहे. मोठी माय येते ती अगदी शेवटच्या दोन ओळींत. मला वाटतं, तुमचा निर्णय त्या दोन ओळींत झालेलाच आहे आणि त्याच्या आधीच्या सगळ्या पत्रात तुम्ही न जाण्याची कारणं गोळा केली आहेत. कारणं खोटी नाहीत. पण एकेक उलटून बघू.

आधी ओट्याचं. आबा घरात आले नाहीत, पाणी घेतलं नाही, हे तुमच्याकडे ५ वर्षं अपमान म्हणून सांगितलं गेलं. आता आपल्या खान्देशातल्या खेड्यातली कुठलीही मयत डोळ्यांसमोर आणा. पुरुषमाणसं बसतात कुठे? ओट्यावर, नाहीतर दारासमोर अंथरलेल्या सतरंजीवर. बायका आत. दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेला माणूस घटकाभर बसतो. कुणीतरी ‘कसं काय झालं?’ विचारतं, सकाळपासून दहा जणांना सांगितलेलं अकराव्याला सांगितलं जातं, मग तो ‘येतो’ न म्हणता उठून जातो. जुन्या वळणाची कितीतरी माणसं दुखवट्याच्या घरी पाण्याला हात लावत नाहीत. म्हणजे आबांनी केलं ते बाहेरगावचा सोयराही करतो, तेवढंच. सख्ख्या भावाने त्याहून जास्त करायला हवं होतं, आत येऊन तुमच्या आईसमोर बसायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. तरीही ९ वर्षं तोंड न बघितलेला माणूस सगळ्या गावादेखत त्या ओट्यावर येऊन बसला, हेही घडलेलं आहे. त्यांच्या मनात काय होतं ते आता कळायचं नाही. अपमान असेलही. नुसता संकोच असेल. तुमच्या घराने दोन्हींतला एकच अर्थ धरला आणि तो धाकट्यांच्याही मनात रुजला.

आमंत्रणाचं त्याहून सोपं आहे. मयतीचा निरोप येतो, आवतण येत नाही. बाप गेलेल्या माणसाच्या डोक्यात त्या दिवसांत काय काय असतं बघा : मृत्यूची नोंद (ती २१ दिवसांत करायची असते, आणि बँकेपासून सातबाऱ्यापर्यंत पुढचं सगळं त्या दाखल्यावर अडतं), अस्थी नाशिकला न्यायच्या की तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वरला, मंडपवाला, आचारी, जेवायला किती पानं धरायची. त्यात ज्या बहिणीशी १४ वर्षं बोलणं नाही तिला फोन लावायचा आणि तिने कट केला तर काय, ही धास्ती त्यालाही असणार. ग्रुपवर पत्रिका टाकून त्याने हिंमत होती तेवढं केलं, असं मी समजेन. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे : भाऊबंदांच्या त्या ग्रुपवरून तुम्हाला या सगळ्या वर्षांत कुणी काढलेलं नाही, आणि तुम्हीही बाहेर पडलेल्या नाहीत.

आता रडण्याचं. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण शहरात राहणाऱ्या लेकी-सुना हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. आपल्या गावांकडे बाहेरून आलेली बाई गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढते. तिचा आवाज ऐकून आतल्या बायका सुरू होतात. मग गळ्यात पडणं, आणि त्या रडण्यातच सगळं बोलणं : गेलेल्या माणसाला काय आवडायचं, शेवटचं काय म्हणाला, कुणाला उघड्यावर टाकून गेला. पाच-दहा मिनिटांनी तीच बाई पदराने तोंड पुसते आणि कुठल्या गाडीने आली, धुळ्याला किती वेळ थांबावं लागलं, ते सांगायला लागते. शहरातल्या मुलीला हे नाटक वाटतं. मला ते कधीच नाटक वाटलं नाही. ज्या बाईचा नवरा गेलाय तिला एकटीला मोठ्याने रडता येत नाही. आलेली प्रत्येक बाई तिला पुन्हा तोंड उघडायची सोय करून देते, आणि ते झालं की जेवण, पाणी, औषधाची गोळी याच्याकडे तिला वळवते. ही बायकांनी बायकांसाठी लावून ठेवलेली रीत आहे.

पण ती तुम्हाला जमलीच पाहिजे असं मुळीच नाही. तुम्ही आत जा, तिच्याजवळ बसा, हात हातात घ्या. हेल काढता येत नसेल तर काढू नका, ओढूनताणून तर नकोच. बायकांना ते लगेच कळतं. रडू आलं नाही म्हणून तिथे कुणी तुमच्याकडे बघत बसणार नाही, आणि बघितलंच तर ‘पुण्याची आहे’ म्हणून सोडून देतील. ढोंग कशाला म्हणायचं? आबांवर तुमचा फार जीव होता असं तुम्ही सांगत सुटलात, तर ते ढोंग. नुसतं जवळ बसण्यात कसलाच दावा नसतो. तिथे बसल्या बसल्या कदाचित नानांसाठीच रडू फुटेल. फुटू द्या, मोठ्या मायला त्यातलं काही वेगळं सांगावं लागणार नाही.

बोलायचं काय? फार काही नाही. ‘शाळा सुटली की मी तुझ्याकडेच जेवायचे, आठवतं का?’ एवढं एक वाक्य पुरेल, कारण ते खरं आहे. अहिराणी जिभेवरून उतरली असेल तर येईल तशी बोला, नाहीतर सरळ मराठीत बोला. ‘उनी का माय? बठ’ (आलीस का बाई? बस), एवढं तिच्याकडून आलं की पुढचं आपोआप येईल. न बोलायच्या गोष्टी मात्र लक्षात ठेवा : ‘वय झालंच होतं’, ‘सुटले बिचारे’, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘आमच्या नानांच्या वेळी…’ या शब्दांनी सुरू होणारं कुठलंही वाक्य.

जायचं कधी? तुमच्या पत्रात जाणं म्हणजे गंधमुक्तीला जाणं असं गृहीत धरलेलं आहे. मी त्या दिवशी जा म्हणणार नाही. त्या दिवशी दारात मंडप असतो, कीर्तन असतं, मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीच्या चेअरमनपासून पुढच्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्यापर्यंत सगळे बोलतात, आणि त्यातल्या काहींना आबांचं पूर्ण नाव चिठ्ठीवर बघावं लागतं. नंतर वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती. मोठ्या मायभोवती पन्नास बायका. तुम्हाला तिच्याजवळ दोन मिनिटंही धड मिळायची नाहीत, आणि ‘वाटा मागायला आली’ हे जे तुमच्या कानात आत्ताच वाजतंय, ते बोलायला सगळी भाऊबंदकी एकाच मंडपात हजर असेल. गंधमुक्तीला माणसं हजेरी लावतात. तुम्हाला भेटायचं आहे. दोन्हींचे दिवस वेगळे.

म्हणून मधल्या एखाद्या दिवशी दारावर जा. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालात तर सकाळी अमळनेर गाठता येतं. तास-दोन तास बसा आणि परत फिरा. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. ‘थांब ना आजचा दिवस’ म्हणणाऱ्याला ते उत्तर होतं, आणि वातावरण तापायला लागलं तर उठायला निमित्तही होतं. सुट्टी मिळतच नसेल तर महिनाभराने जा. मंडप गेलेला असतो, लेकी सासरी परतलेल्या असतात, दुपारची वेळ खायला उठते. त्या दुपारी आलेलं माणूस तिला जास्त लक्षात राहील. आणि हे वर्ष जायच्या आत पहिली आखाजी (अक्षय्य तृतीया) आहेच. त्या दिवशी पितरांची घागर भरतील, आगारी टाकतील (त्यांच्या नावाने विस्तवावर घास देतील), त्यात आबांचं नाव पहिल्यांदा घेतलं जाईल. आखाजीला लेकी माहेरी येतातच, तुम्ही आलात तर कुणाला कारण विचारावंसं वाटणार नाही.

जाण्याआधी चुलतभावाला फोन करा. काय बोलावं सुचत नाही म्हणून आपण फोन टाळतो, पण इथे तुमच्याकडे आयता प्रश्न आहे. पुष्कळ घरं दारावर यायचे वार पाळतात. ‘दादा, मोठ्या मायला भेटायला यायचं आहे. तुमच्याकडे वार पाळता का, कधी येऊ?’ इतकंच. तो कोरडं बोलला तरी तुम्हाला वार कळेल. दुखवट्याच्या साडी-टोपीचंही त्यालाच, नाहीतर फुईला विचारून घ्या, घराघरात पद्धत वेगळी असते. काही पत्रिकांवर तर ‘दुखवटा आणू नये’ असं छापलेलंच असतं.

फुईवरून आठवलं. तुमच्या पत्रात ती फक्त फोन करून गेली. तिचे दोन्ही भाऊ आता गेले, आणि गेली १४ वर्षं रक्षाबंधनाला ती दोन दारांत वेगवेगळी उभी राहिली असणार. तिला सोबत घ्या. तिच्याबरोबर त्या उंबऱ्यातून आत शिरणाऱ्या पुतणीला ‘तू कशाला आलीस?’ विचारायची छाती भाऊबंदकीत कुणाची नसते. यजमानांना न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. जावई म्हणून ते ओट्यावर बसणार आणि तिथे त्यांना विहिरीचं सगळं पुराण नव्याने ऐकावं लागणार. गप्प बसता येणारा माणूस असेल तर जरूर न्या.

टोमणे ऐकावे लागतील. ‘जिवंतपणी फिरकली नाही’ हे तर खरंच आहे. ‘हो, यायला हवं होतं,’ म्हणा आणि थांबा. कबूल केलेल्या गोष्टीवर कुणाला पुढे वाद घालता येत नाही. खुलासे द्यायला लागलात की विहीर मधे आलीच म्हणून समजा.

वाट्याचं मात्र स्वतःशी स्पष्ट करून जा. आबांच्या हिश्शात तुमचा काही हक्क नाही. तिथे मोठी माय आणि तिची मुलं वारस. तुमचा हक्क आहे तो नानांच्या हिश्शात, आईच्या आणि भावाच्या बरोबरीने. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या उरलेल्या शंकाही मिटवल्या, आणि लग्न झाल्याने तो हक्क जात नाही. थोडक्यात, ‘आबांच्या घरी वाटा मागायला आली’ या बोलण्याला कायद्यातच काही आधार नाही. नानांची वारसनोंद अजून झाली नसेल तर ती तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज करून वेगळी करून घ्या. ते काम तुमच्या घरातलं आहे, दारावर काढायचं नाही. आणि हे सगळ्याच वाचकांना सांगते : दुखवट्यात सगळे एकत्र जमलेत तोवर सह्या उरकून घेऊ, असं म्हणत कुणी कागद पुढे केला तर सही करू नका. हक्कसोडपत्र नोंदणी करून होतं, ते वाचून, विचारून, शुद्धीत असताना करायचं असतं. ‘नंतर बसू’ म्हणण्यात कुणाचा अपमान होत नाही.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नाही तरी. मोठ्या मायच्या हातातल्या बांगड्या, कपाळावरचं कुंकू यांचं त्या घरात काय ठरलंय, मला माहीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि शासनानेही तसं परिपत्रक काढलं, पण परिपत्रक काही स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही जाल तेव्हा ती मोकळ्या कपाळाने बसलेली असेल तर त्यावर भाषण देऊ नका. तिला स्वतःला टिकली लावावीशी वाटते आहे आणि आजूबाजूच्या चारजणी लावू देत नाहीत असं दिसलं, तर मात्र तुम्ही तिच्या बाजूने बसा. शहरातून आलेल्या पुतणीने आगाऊपणा केला, असं म्हणून ते खपून जातं. घरातल्या सुनेला तेवढी मोकळीक नसते.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांपैकी काहींना माझं हे उत्तर लागू होणार नाही. ज्याने तुम्हाला मारलं, छळलं, अंगाला हात लावला, त्याच्या मयतीला जायचं कुठलंही कर्तव्य तुमच्यावर नाही, मग तो नात्याने कुणीही असो. मागे राहिलेल्यांपैकी एखाद्यावर तुमचा जीव असेल तर त्याला एकट्याला फोन करा किंवा नंतर दुसरीकडे भेटा, आणि न जाण्याचं कारण गावाला सांगत बसू नका. ताईंचं भांडण तसं नाही. पाण्याच्या पाळीचं आहे, आणि ज्यांनी ते केलं ते दोघंही आता नाहीत.

राहिली आई. ‘नानांच्या आत्म्याला काय वाटेल’ म्हणते तेव्हा ती स्वतःला काय वाटेल ते सांगते आहे, आणि तिचा तो अधिकार आहे. नानांच्या वेळी तिने जे सोसलं ते तुम्ही लांबून बघितलं, तिने आतून. तिला पटवायला जाऊ नका. तिला एकच विचारा : नाना गेले तेव्हा मोठी माय आली होती का? आली असेल तर काय बोलली, नसेल आली तर कुणी येऊ दिलं नाही? या दोघी जावा एका चुलीवर भाकरी थापत होत्या, विहिरीचं भांडण त्यांनी काढलेलं नव्हतं. तुम्ही पत्रात आईचं मत लिहिलंत ते आबांबद्दलचं. मोठ्या मायबद्दल तिला काय वाटतं ते तुम्ही विचारलेलंच दिसत नाही.

भावाशी वाद घालू नका. सुरतहून अमळनेरला थेट गाडी येते, त्याला वाटलं तर तो येईल. कुठल्या दिवशी जाताय ते त्याला कळवा, ‘तू पण ये’ हे शब्द टाळा.

आणि आईला फोन तिकीट काढल्यावर करा. आधी केलात तर जावं की न जावं यावरच तासभर जाईल. नंतर केलात तर ती थोडा वेळ गप्प राहील, मग कदाचित विचारेल, मोठ्या मायसाठी काय घेऊन चाललीस.